मदत हवी आहे: दवाखान्यात हवा खेळती हवी पण आतलं बोलणं बाहेर जायला नको, पार्टिशन कसं करू?

नमस्कार मंडळी,

मी जनरल प्रॅक्टिस करते, आता स्वतःचा छोटा दवाखाना थाटतेय आणि इंटिरियरपाशी गाडी अडलीय. आर्किटेक्ट, इंटिरियरवाले किंवा स्वतः दवाखाना चालवणारे कुणी असाल तर प्लीज सविस्तर सांगा.

गाळा अरुंद आणि लांब आहे, १२ फूट रुंद, ३२ फूट खोल, स्लॅबपर्यंत उंची ११ फूट. पुढे रस्ता, मागे बिल्डिंगची ओपन डक्ट (हवा-उजेडासाठी सोडलेली, वर उघडी उभी पोकळी), दोन्ही बाजूंना शेजारचे गाळे, म्हणजे हवेला वाट फक्त पुढून मागे नाहीतर मागून पुढे. डिझायनरने दिलेल्या प्लॅनमध्ये पुढे वेटिंग आणि रिसेप्शन, मागे डक्टला लागून पूर्ण रुंदीची कन्सल्टिंग रूम, मध्ये स्लॅबपर्यंत पार्टिशन, साडेआठ फुटांवर फॉल्स सीलिंग आणि सगळीकडे एसी. ड्रॉइंग दिसायला सुंदर आहे, पण खोकल्याचे, तापाचे पेशंट एकमेकांना खेटून तासतास बसणार आणि साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आहे तीच थंड करून फिरवतो, हे मला पटत नाहीये.

थोडं वाचन केलंय. डब्ल्यूएचओने २००९ मध्ये आरोग्यकेंद्रांतल्या नैसर्गिक वायुवीजनावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ओपीडीसाठी दर पेशंटमागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा सांगितलीय. हिशोबही सोपा दिलाय, वाऱ्याचा वेग गुणिले वाटेतली सगळ्यात लहान उघडी जागा गुणिले ०.६५ गुणिले १०००. म्हणजे वारा सेकंदाला १ मीटर आणि उघडी जागा १ चौरस मीटर असेल तर ६५० लिटर, साधारण १० जणांपुरती. यातलं ‘सगळ्यात लहान’ महत्त्वाचं आहे, कारण पुढची खिडकी कितीही मोठी घेतली तरी मधल्या पार्टिशनला वीतभर झरोका ठेवला की हवा तेवढीच जाणार. पेरू देशातल्या लिमा शहरातल्या हॉस्पिटलांवरचा २००७ चा एक अभ्यासही वाचला, त्यात उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत तासाला ४० वेळा हवा बदलत होती आणि खिडक्या उघडूनही नवीन इमारतींत १७ वेळा. म्हणून फॉल्स सीलिंग नकोच असं मी ठरवलंय.

आता खरी अडचण. सध्या जिथे बसते तिथे पार्टिशन सात फुटांचं आहे, वर मोकळं. हवा मस्त खेळते, पण पेशंट आत आला की आधी दाराकडे बघतो, मग खुर्ची पुढे ओढतो, टेबलावर वाकून अगदी बारीक आवाजात बोलतो आणि तेवढ्यात बाहेर कुणी खाकरलं की गप्प होतो. पाळीचं, लघवीचं, दारूचं, घरातल्या मारहाणीचं बोलायला आलेल्या माणसाला बाहेरचा खोकला इतका स्पष्ट ऐकू येत असेल तर आपलंही बाहेर जातंय हे त्याला कळतंच, मग तो निम्मं सांगतो आणि मी निम्म्यावर निदान करते. नवीन जागेत मला हे अजिबात नकोय. बाकी रंग, खुर्च्या, झाडं यात मी कितीही तडजोड करीन.

तर स्लॅबपर्यंत भिंत घेऊनही हवा कशी चालू ठेवायची? आणि वेटिंगमध्ये बसल्यावर माणसाला जरा शांत वाटावं, नुसता फिनाइलचा वास आणि ट्यूबलाइट नको, त्यासाठी काय करता येईल तेही सुचवा.

प्रतिसाद १

डॉक्टर, प्लॅनच बदला. कन्सल्टिंग पूर्ण रुंदीची घेतली की वेटिंगची सगळी हवा तुमच्या खोलीतून जाणार, म्हणजे आवाज तर जाईलच पण बाहेरचा खोकलाही तुमच्या नाकाशी येणार. त्यापेक्षा एका बाजूने साडेतीन फुटांचा पॅसेज थेट डक्टपर्यंत मोकळा ठेवा, त्याच्या टोकाला वरती एक्झॉस्ट बसवा, वेटिंगची हवा तिथून बाहेर. पॅसेज ११ फूट उंच मिळाला तर त्याचा छेद साडेतीन चौरस मीटरच्या वर जातो, तुमची सगळ्यात लहान जागा तो राहणारच नाही, बघायचं ते टोकाची खिडकी किती उघडते एवढंच. उरलेल्या रुंदीत कन्सल्टिंग, तिची भिंत बिनधास्त स्लॅबपर्यंत न्या, दार भरीव घ्या आणि खालची फट रबराने बंद करा, आवाज बहुतेक तिथूनच जातो.

त्या खोलीला हवा तिच्या स्वतःच्या डक्टकडच्या खिडकीतून. एकाच बाजूने खिडकी असली की उंचीच्या साधारण दोन-अडीच पट आतपर्यंत हवा पोचते असं धरतात, ११ फुटांना ती मर्यादा तुमच्या खोलीपेक्षा बरीच जास्त आहे. खिडकी मात्र उभी घ्या, खाली एक झडप आणि छताजवळ एक, गरम हवा वरून निघून जाते आणि गार खालून येते. स्लायडिंग नको, निम्मीच उघडते.

आणि आधी डक्टमध्ये मान घालून वर-खाली बघा, संडासाचे व्हेंट, कुणाच्या किचनचा धूर, एसीची गरम हवा यातलं काय काय तिथे सोडलंय. एक्झॉस्टचं तोंडही तुमच्या खिडकीजवळ ठेवू नका, पाइपाने वर न्या, नाहीतर बाहेर टाकलेली हवा परत आत.

प्रतिसाद २

हवेचं वर आलंच आहे, मी शांततेबद्दल लिहिते. तपासणीच्या टेबलावर स्वतः एकदा आडव्या पडा. जवळपास सगळीकडे दिवा बरोब्बर डोळ्यांवर असतो. फिनलंडमधलं पाइमिओ सॅनेटोरियम, म्हणजे क्षयरोग्यांचं हॉस्पिटल, १९३३ चं, तिथे आर्किटेक्ट अल्व्हार आल्टोने पेशंट झोपून काय बघणार याचा विचार करून छताचा रंग आणि दिव्याची जागा ठरवली होती. तुम्ही दिवा बाजूच्या भिंतीवर घ्या. भिंतींना हिरवा-पिवळा गडद रंग कन्सल्टिंगमध्ये नकोच, त्याची छटा कातडीवर पडते आणि कावीळ बघताना तुम्हालाच त्रास. ऑफ-व्हाइट ठेवा, दिव्याचा सीआरआय (त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर बघून घ्या, रंग काय करायचे ते वेटिंगमध्ये करा.

खिडकीतून झाड दिसत असेल तर खुर्च्या तिकडे तोंड करून. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या पेशंटचा अभ्यास केला होता, खिडकीतून झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोराची पेनकिलर कमी लागली. कुंड्या दिसायला ठेवा, हवा शुद्ध व्हावी म्हणून नको, तेवढ्याने काही फरक पडत नाही. कारंजं मात्र कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढतो आणि तुषारांतून श्वासात जातो. आवाज घुमू नये म्हणून वेटिंगच्या स्लॅबलाच अकूस्टिक पॅनेल चिकटवा, उंचीही जात नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पॅसेजची कल्पना एकदम पटली, खोली साडेआठ फुटांचीच उरेल पण चालेल, टेबल भिंतीला लावते आणि पेशंट बाजूच्या खुर्चीत, तसंही मला समोरासमोर टेबल मध्ये नकोच होतं. डक्टमध्ये आजच डोकावले, वरच्या मजल्याचा संडासाचा व्हेंट माझ्या खिडकीच्या अगदी शेजारी आहे, तो वर न्यायला सोसायटीशी बोलते. कार्बन डायऑक्साइड मीटरही घेतेय, उच्छ्वासाची हवा साचली की तो आकडा चढतो, म्हणून वेटिंग भरलेलं असताना आकडा ८०० पीपीएमच्या आत राहतो का ते बघायला.

अजून एक, डासांच्या जाळीने वारा बराच अडतो, मग जाळी खिडकीला न लावता थोडी बाहेर काढून मोठ्या चौकटीवर लावली तर चालते का? कुणी केलंय का असं? साफ करायला ती आतून निघायला हवी, मागे डक्टमध्ये उतरायला जागा नाही.