दुखणं कामाचंच आहे असं धरून चालू नका

कंबर-पाठ कशानं दुखते या प्रश्नावर इथं सगळ्यांनी वाकून काम, गाडीवरचे खड्डे अन् दिवसभर खुर्चीत बसणं ही कारणं लिहिलीत ती पटली, बहुतेकांची कंबर स्नायू आखडूनच धरते आणि काही आठवड्यांत सुटतेही. पण एक कारण कुणीच लिहिलं नाही, मणक्याचा टीबी. आमच्या परभणीकडं कापूस वेचणीत बायांची पाठ दुखणारच असं सगळे धरून चालतात, माझ्या आईचंही तेच झालं, चार महिने मलम, शेक, गोळ्या, मधेच कुणीतरी मालिशही करून दिली. खोकला अजिबात नव्हता म्हणून टीबी कुणाच्या डोक्यातच आला नाही, पण संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरलं होतं आणि आडवं पडलं तरी ठणका थांबत नव्हता, शेवटी एमआरआय केला तेव्हा कळलं. औषध वर्षभर चाललं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आता ती रानात जाते.

तेव्हा रात्री झोपेतही दुखत असेल, सोबत ताप असेल, वजन घटत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, मालिशवाल्याकडं नेऊ नका हो. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, सकाळची वाट बघू नका.