गरोदरपणातील कोलेस्टॅसिस : उर्सोची गोळी वारेसाठी की खाजेसाठी?

रानजाई :

नमस्कार. मी मूळची नाशिकची असून सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. बत्तिसावा आठवडा चालू आहे. गेल्या पंधरवड्यापासून तळहात आणि तळपायांना रात्री इतकी खाज सुटते की डोळ्याला डोळा लागत नाही. अंगावर पुरळ नाही, खाजवल्याचे ओरखडे तेवढे आहेत. रक्तात पित्ताम्ले म्हणजे बाईल ॲसिड ४६ मायक्रोमोल प्रति लिटर आली, एएलटी हे यकृताचे एन्झाइमही वाढलेले आहे. यकृतातून पित्ताचा निचरा मंदावण्याचा आजार, म्हणजे कोलेस्टॅसिस, असे निदान झाले. येथील डॉक्टर म्हणाल्या की उर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाची (उर्सो) गोळी हवी असल्यास देऊ, पण बाळासाठी तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. नाशिकला माझ्या वहिनीला हाच त्रास झाला तेव्हा मात्र निदानाच्या दिवशीच ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि त्या गोळ्यांनी वार (प्लॅसेंटा) नीट काम करते असे तिला सांगण्यात आले होते. यातले खरे काय मानावे? माझा बाळाच्या वाढीचा स्कॅन आणि डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) दोन्ही उत्तम आहेत, मग काळजीचे कारण उरते का?

कृष्णाकाठ (प्रसूतितज्ज्ञ) :

दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे खोटे नाही. नाशिकच्यांनी प्रयोगशाळेतले सांगितले, लीड्सच्यांनी माणसांवरच्या चाचणीतले.

बाळाचे यकृतही पित्ताम्ले तयार करते आणि एरवी ती वारेतून आईच्या रक्तात येऊन आईच्या यकृतावाटे बाहेर पडतात. कोलेस्टॅसिसमध्ये आईच्याच रक्तात त्यांची पातळी चढते, त्यामुळे हा उतार उलटा होतो आणि ती बाळाकडे साचू लागतात. उर्सो हे स्वतः एक पित्ताम्लच आहे, पण पाण्यात सहज मिसळणारे आणि पेशींना कमी त्रासदायक. ते यकृताला पित्त बाहेर टाकायला मदत करते आणि वारेतून बाळाकडून आईकडे होणारी वाहतूकही सुधारते, असे पुरावे आहेत. वारेचे तुकडे प्रयोगशाळेत टॉरोकोलिक आम्ल या पित्ताम्लात ठेवले असता त्यांच्या बाह्य थरात इजेच्या खुणा दिसल्या आणि उर्सो सोबत असताना त्या टळल्या. याच आम्लाने वारेतील शिरा आकुंचन पावतात, हेही दिसलेले आहे. तेव्हा वहिनींना सांगितलेले अगदी निराधार नव्हते.

परंतु तुकड्यावर जे घडते ते बाळाच्या जिवाला किती उपयोगी पडते, हे पाहायला माणसांवरची चाचणीच लागते. इंग्लंड आणि वेल्समधील ३३ रुग्णालयांत ६०५ स्त्रियांवर झालेली अशी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळाचा मृत्यू, अकाली प्रसूती किंवा नवजात विभागात भरती, यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण उर्सो घेणाऱ्यांत २३ टक्के आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २७ टक्के होते. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. खाजेतली घट शंभरपैकी जेमतेम सहा गुणांची होती. मात्र त्या चाचणीत बहुतेकींचा आजार सौम्य होता, ही तिची मर्यादा मला महत्त्वाची वाटते. पुढे २०२१ मध्ये अनेक अभ्यासांतील स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा पोटातील मृत्यू उर्सोने कमी होतात असे दिसले नाही. पण केवळ यादृच्छिक चाचण्या, म्हणजे औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या चाचण्या घेतल्या, तर अकाली प्रसूती आणि पोटातील मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण घटलेले आढळले. म्हणून मी गोळी देतो, पण ती ढाल आहे असे सांगत नाही.

आता डॉपलर. तो उत्तम आहे हे चांगलेच, पण या आजारात त्यावर विसंबता येत नाही. रक्तपुरवठा हळूहळू तुटून बाळ खुरटणे हा येथला प्रकार नव्हे. बाळाचे वजन सहसा ठीक असते आणि धोका आला तर अचानक येतो. बाळाच्या हृदयाची लय बिघडणे आणि वारेतील शिरांचे आकुंचन ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. म्हणून आम्ही स्कॅनपेक्षा पित्ताम्लांच्या आकड्याकडे पाहतो. पातळी ४० च्या खाली असताना पोटातील मृत्यूचे प्रमाण ०.१३ टक्के, ४० ते ९९ मध्ये ०.२८ टक्के आणि १०० किंवा त्याहून अधिक असल्यास ३.४४ टक्के आढळले आहे. आपण मधल्या गटात आहात. खरी उडी शंभरीला आहे, आणि ती गाठली जाते की नाही हे तपासणी पुन्हा केल्याशिवाय कळत नाही.

बोरीचे_झाड :

मला पुण्यात पहिल्या खेपेला हेच झाले होते. गोळीने खाज थोडी कमी झाली, पूर्ण गेली नाही. निजण्यापूर्वी पाय गार पाण्यात बुडवून सुती मोजे ओले करून घालणे, नखे मुळापासून कापणे आणि डॉक्टरांना विचारून घेतलेली क्लोरफेनिरामिन ही ॲलर्जीवरची गोळी, एवढ्यावर मी रात्री काढल्या. नमुना दुसऱ्या शहरात जात असल्याने निकाल येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा. प्रयोगशाळेत आधीच विचारून ठेवलेले बरे.

नीलपरीक्षा (प्रयोगशाळा तंत्रज्ञ) :

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एकूण पित्ताम्लांची नेहमीची तपासणी सर्व प्रकारची पित्ताम्ले एकत्र मोजते, त्यात गोळीतून आलेले उर्सोही आले. गोळी सुरू झाल्यावर आकडा उतरला नाही किंवा किंचित चढला, म्हणून आजार वाढला असे लगेच समजू नये. अहवालासोबत आपण उर्सो घेत आहात हे डॉक्टरांना सांगावे. शिवाय जेवणानंतर पातळी वाढते. ब्रिटनमधील निदानासाठीची सध्याची १९ ची मर्यादा उपाशी नसताना घेतलेल्या नमुन्यासाठी आहे, त्यामुळे वहिनींचा उपाशीपोटीचा आकडा असल्यास त्याच्याशी आपल्या ४६ ची तुलना करू नका.

रानजाई :

सर्वांचे आभार. मग प्रसूती कधी होईल, आणि घरी कशाकडे लक्ष ठेवावे?

कृष्णाकाठ :

ब्रिटनमधील २०२२ च्या मार्गदर्शनानुसार ४० ते ९९ पातळीला ३८ ते ३९ आठवड्यांत प्रसूती करण्याचा विचार होतो, आणि १०० किंवा त्याहून वर गेल्यास ३५ ते ३६ आठवड्यांत. जुळी असल्यास किंवा रक्तदाब वाढल्यास हे गणित बदलते. बाळाची हालचाल कमी वाटली तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जा. शौच फिकट आणि तेलकट होत असल्यास सांगा, कारण मग जीवनसत्त्व के द्यावे लागू शकते. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर यकृताची इतर कारणे तपासावी लागतात.

प्रसूतीनंतर खाज बहुधा काही दिवसांत जाते, परंतु किमान चार आठवड्यांनी यकृताची तपासणी पुन्हा करून घ्या. हा त्रास पुढच्या खेपेला परत होण्याची शक्यता बरीच असते, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेण्यापूर्वीही या आजाराचा उल्लेख जरूर करा.