मदत हवी आहे : सॉफ्टवेअरच्या गरजा गोष्टीरूपात लिहिण्याचा नमुना

सातपूरकर : गरजांचा दस्तऐवज नेहमीप्रमाणे क्रमांकित कलमांत लिहून दिला होता आणि प्रोग्रामरांनी तो ओळ न ओळ पाळलाही, तरीही ग्राहक म्हणतात की आमचे काम असे चालतच नाही. आता तोच मजकूर गोष्टीरूपात लिहावा, असा वरिष्ठांचा आदेश आहे. सोमवारी बैठक आहे. कोणाकडे तयार नमुना असल्यास कृपया द्यावा, तत्त्वचर्चा नको.

गोदाकाठ : ग्राहक कोण, आणि त्यांचे काम कोणते?

सातपूरकर : पिंपळगाव बसवंतचे कांदा व्यापारी आहेत आणि सॉफ्टवेअर खरेदीचे आहे. नमुन्याला त्याने काय फरक पडतो, हे समजले नाही.

नवा_विश्लेषक : ‘व्यापारी म्हणून मला अमुक करता यावे, म्हणजे तमुक साधेल’ हा साचा वापरावा. लंडनच्या कॉनेक्स्ट्रा कंपनीत २००१ च्या सुमारास तो तयार झाला आणि आज सर्वत्र चालतो.

गोदाकाठ : साचा चालतो, पण त्यात काही घडत नाही. रॉन जेफ्रीज यांनी त्याच वर्षी कार्ड, संभाषण आणि खातरजमा अशी त्रयी मांडली, तीत गरज लिहिलेले कार्ड ही केवळ ग्राहकाशी करायच्या संभाषणाची आठवण असते. त्यापेक्षा असे लिहा : सकाळच्या लिलावात ट्रॅक्टरला क्विंटलला १,८०० रुपये भाव मिळाला, सौदापट्टी, म्हणजे ठरलेल्या भावाची चिठ्ठी झाली, काट्यावर वजन झाले, मात्र व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी करताना तळाशी सडका माल निघाला आणि वांधा पडला, म्हणजे ठरलेल्या भावावरून वाद झाला. आता तुमचे सॉफ्टवेअर काय करते?

सातपूरकर : सौदा झाल्यावर भाव बदलता येत नाही. ते कलम हिशेब तपासनिसांच्या आग्रहावरून घातलेले आहे, त्यामुळे ते काढता येणार नाही.

मुनीमजी : टॅलीत खरेदीची नोंद उत्तम होते. मुळात नवे सॉफ्टवेअर हवेच कशाला?

चाचणीवाला : असा प्रसंग ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’ या शब्दांनी बांधला, तर कुकंबर या सॉफ्टवेअर-चाचणीच्या साधनात तो थेट चाचणी म्हणून वापरता येतो. तेथे मराठीचीही सोय आहे.

गोदाकाठ : चाचणी नंतरची गोष्ट आहे, ज्या प्रसंगाची व्यापाऱ्यांशी चर्चाच झालेली नाही, त्याची चाचणी कोणत्याही भाषेत लिहिली तरी निरर्थकच. सातपूरकर, कलम काढू नका. मूळ सौदा तसाच राहील, वांध्याची नोंद वेगळी होईल आणि हिशोबपट्टीवर दोन्ही भाव दिसतील, असे लिहिल्यास तपासनीस आणि व्यापारी दोघांचेही भागेल. मात्र नवा भाव नोंदवण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि शेतकऱ्याने तो नाकारून माल परत नेला तर आधीच्या वजनाचे काय करायचे?

सातपूरकर : हे व्यापाऱ्यांना विचारावे लागेल. नमुना अजूनही मिळालेला नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

गोदाकाठ : वांध्याचा प्रसंग हाच नमुना आहे. तो व्यापाऱ्यांना वाचून दाखवा आणि ते जेथे अडवतील, तेथून पुढचे त्यांच्याकडूनच लिहून घ्या.