बाप्तिस्म्यानंतरची सोबत
कोणीतरी लिहिलंय की बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) झाला की मिशनरी गायब होतात, नवीन माणसाकडे परत फिरकत नाहीत. होतं तसं बऱ्याचदा आणि ते चूकच आहे, पण आमच्या ऐरोलीत एक मावशी आहेत, त्या नवीन विश्वासणाऱ्यांच्या घरी दर आठवड्याला जातात, बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय निवांत वाचून घेतात आणि मग खरे प्रश्न बाहेर पडतात, म्हणजे गणपतीत आईने प्रसाद हातावर ठेवला तर काय करू वगैरे. मावशी लगेच हो-नाही सांगत नाहीत, बायबलमधल्या १ करिंथ या पत्राचा ८ वा अध्याय, जो मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल आहे, तो काढून आधी विचारणाऱ्यालाच वाचायला लावतात. मला हे फार मोलाचं वाटतं. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी, घरच्यांना एवढा वेळ लागतोच हो! घरच्यांशी बोलणं तोड म्हणणाऱ्यांना तर मंडळीने (चर्चने) थांबवलंच पाहिजे.