पुन्हा: ४१२ धोके सापडले म्हणतंय, काय करू?

प्रेषक: स्मरणिका समिती

सगळ्यांना नमस्कार,

स्मरणिकेचा अख्खा मजकूर माझ्या लॅपटॉपवर आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय. तीन दिवसांपासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली लाल चौकट येते: "तुमच्या संगणकात व्हायरस आहे." घाबरून मी एक अँटी-स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्रॅम (स्पायवेअर) शोधून काढणारा प्रोग्रॅम, उतरवून घेतलं. त्याने फुकटात तपासणी केली, ४१२ धोके काढले आणि आता ते साफ करायचे पैसे मागतंय. त्याच्या पानावर सुविधांची ही लांबलचक जंत्री आहे. रिअल-टाइम प्रोटेक्शन, ह्युरिस्टिक, क्वारंटाइन, होस्ट्स फाइल शील्ड, कीलॉगर गार्ड. यातलं मला काय लागतं? की सगळंच लागतं?

प्रेषक: वेबसाइट समिती

ताई, आधी पैसे भरू नका. ४१२ चा तपशील उघडून बघा. माझा अंदाज, त्यात बहुतेक "ट्रॅकिंग कुकी" असतील. कुकी म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली मजकुराची चिठ्ठी. जाहिरातवाले तिच्यावरून तुमचा माग काढतात, ते वाईटच; पण चिठ्ठी तुमचा पासवर्ड टिपून घेत नाही, स्वतःहून चालूही होत नाही. आकडा फुगवायला मात्र फार सोयीची.

आता जंत्रीबद्दल. नावं विसरा, प्रत्येक सुविधा कुठल्या वेळी कामाला येते ते बघा.

रिअल-टाइम म्हणजे दारावरचा पहारा. फाइल उतरली, उघडली, चालू झाली की त्याच क्षणी तपासणी होते. हा पहारा बंद असेल तर बाकीची जंत्री शोभेची. तपासणी दोन तऱ्हांनी होते. एक, ओळखीच्या चोरांच्या यादीशी ताडून बघणं, त्याला सिग्नेचर म्हणतात. यादी शिळी असेल तर नवा चोर सुटतो, म्हणून ती रोज ताजी व्हावी लागते. दुसरी तऱ्हा ह्युरिस्टिक आणि वर्तनावरची नजर. चेहरा अनोळखी आहे, पण हा प्रोग्रॅम गुपचूप स्टार्टअपच्या यादीत घुसतोय, कळफलकावरची प्रत्येक कळ ऐकतोय, मग अडवा त्याला. यात कधीकधी सज्जन माणूसही पकडला जातो. क्वारंटाइन त्यासाठीच असतं. पकडलेली फाइल पुसून न टाकता कुलपात ठेवायची, चूक निघाली तर सोडून द्यायची. म्हणून घाईने "डिलीट" दाबू नका.

होस्ट्स फाइल म्हणजे संगणकाची खासगी पत्त्यांची वही. कुठल्याही नावाचा पत्ता संगणक आधी इथे बघतो. स्पायवेअर तिथे खोटा पत्ता लिहून तुम्हाला भलत्याच साइटवर नेऊ शकतं, म्हणून तिच्यावर नजर. सुविधा चांगली आहे, पण तेवढ्यासाठी वेगळे पैसे मोजावेत अशी नाही.

कीलॉगर म्हणजे तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्रॅम. त्याला अडवणाऱ्या गार्डवर फार भिस्त ठेवू नका. पासवर्ड टिपला गेला तरी खातं हाती लागू नये, यासाठी दोन पायऱ्यांचं लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण विचारणारं, जास्त उपयोगाचं.

प्रेषक: नाट्यशाखा

मध्येच तोंड घालतो. आमच्या काळी अँटिव्हायरस एक आणि अँटी-स्पायवेअर दुसरं, असे दोन ठेवायचेच असा दंडक होता. मी ॲड-अवेअर आणि स्पायबॉट ही दोन्ही अँटी-स्पायवेअर आलटून पालटून चालवायचो. आता तो दंडक गेला का? आणि आजकालची पोरं म्हणतात, विंडोजमधलं फुकटचं पुरे. फुकट ते पौष्टिक नसतं असा माझा अनुभव आहे.

प्रेषक: वेबसाइट समिती

काका, दंडक बरोबर होता, दिवस बदलले. तेव्हाचे अँटिव्हायरस जाहिराती घुसवणाऱ्या आणि हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रॅमना धड व्हायरस मानत नसत, म्हणून तुमच्या स्पायबॉटला काम होतं. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या डिसेंबरात जायंट नावाची कंपनी घेतली आणि तिचं अँटी-स्पायवेअर पुढे विंडोजमधलं डिफेंडर झालं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, त्यातच अँटिव्हायरसही आलं. म्हणजे ताई ज्याच्यासाठी पैसे भरायला निघाल्यात, त्यातलं बरंचसं त्यांच्याकडे आधीच बसवलेलं आहे.

एका दारावर दोन पहारेकरी मात्र नकोत. दोघं एकाच फाइलवर झडप घालतात आणि संगणक गोगलगाय होतो. दुसरा हवाच असेल तर बोलावल्यावरच येणारा ठेवा, कायमचा पहारा न देणारा.

आणि फुकटाचं म्हणाल, तर विकतचंही पारखून घ्यावं लागतं. २००५ च्या सुमारास स्पायशेरिफ नावाचा प्रोग्रॅम स्वतःच अँटी-स्पायवेअर म्हणवून घ्यायचा, नसलेले धोके दाखवायचा आणि काढून टाकला तरी परत यायचा. तीच जात अजून जिवंत आहे. त्याच वर्षी सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींमधून संगणकात लपणारा प्रोग्रॅम जात असल्याचं संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी उघड केलं. "डॉलर सिस डॉलर" या अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल तो विंडोजलाच दिसू देत नसे. असं काही आत बसलं असेल, तर चालू विंडोजमधून केलेली तपासणी आंधळी ठरू शकते. ऑफलाइन स्कॅन असतो तो यासाठी. संगणक बंद होऊन विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी होते.

प्रेषक: स्मरणिका समिती

बघितलं. ४१२ पैकी ३९७ कुकी! उरलेल्या १५ मध्ये "रजिस्ट्रीतील निरुपयोगी नोंदी". शरमेने मान खाली. तो प्रोग्रॅम काढून टाकला, डिफेंडरने पूर्ण तपासणी केली, शून्य धोके. पण लाल चौकट अजून येतेच आहे. मग डिफेंडर झोपलंय का?

प्रेषक: वेबसाइट समिती

शरमेचं काही नाही, ते लोक पोटापाण्यासाठी हेच करतात.

चौकटीवर नीट बघा, ब्राउझरचं नाव बारीक अक्षरात आहे का? असेल तर ती ब्राउझरमधली सूचना आहे. कधीतरी एखाद्या साइटने "तुम्ही रोबो नाही ना? मग अलाऊ दाबा" म्हटलं असेल आणि तुम्ही दाबलं असेल. इथे आत शिरलेला प्रोग्रॅमच नाही, डिफेंडर पकडणार कोणाला? परवानगी तुमची आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अनोळखी साइटी काढून टाका. ब्राउझरची एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तीही बघून घ्या. "सर्व वेबसाइटवरील तुमची सगळी माहिती वाचणे आणि बदलणे" ही परवानगी ज्याला दिलीत, त्याला हेरगिरीसाठी वेगळं स्पायवेअर लागत नाही.

शून्य धोके वाचून मात्र एक शंका आली. विंडोज सिक्युरिटीमध्ये "एक्स्क्लूजन्स" म्हणजे डिफेंडरने तपासायचं नाही अशा अपवादांची यादी असते. तिथे काय लिहिलंय? टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे का तेही पाहा. ते असलं की दुसरा प्रोग्रॅम डिफेंडरला परस्पर बंद करू शकत नाही. आणि नको असलेली ॲप अडवणारं बटण "रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन" खाली असतं.

प्रेषक: नाट्यशाखा

फोनचं काय? तिथेही हे सगळं लागतं का?

प्रेषक: वेबसाइट समिती

अँड्रॉइडवर प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गूगलची ॲप-तपासणी, चालू ठेवा आणि ॲप प्ले स्टोअरबाहेरून घेऊ नका. आयफोनवर एका ॲपला दुसऱ्याच्या आत डोकावता येत नाही, त्यामुळे तिथलं "अँटी-स्पायवेअर" बाकीची ॲप तपासूच शकत नाही. पेगॅसस या फोनवर पाळत ठेवणाऱ्या स्पायवेअरची भीती असलेल्या पत्रकार-कार्यकर्त्यांसाठी ॲपलने २०२२ मध्ये लॉकडाउन मोड आणला, आपल्याला त्याची गरज सहसा पडत नाही. आपल्याला धोका जास्त तो फोन हाताळू शकणाऱ्या ओळखीच्या माणसाचा. घरातल्याच कोणी पाळत ठेवणारं ॲप टाकलंय अशी शंका असेल, तर ते लगेच काढू नका. काढल्याचं त्या माणसाला कळतं. आधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी बोला. हे काका, तुम्हाला उद्देशून नाही. यादीवर बरेच जण वाचतात म्हणून लिहिलं.

प्रेषक: स्मरणिका समिती

लाल चौकट गेली. सूचनांच्या यादीत अकरा साइटी होत्या, एकीचंही नाव ओळखीचं नव्हतं.

अपवादांच्या यादीत एकच ओळ निघाली: सी ड्राइव्ह. अख्खी. आता आठवतंय. मागे एक फुकटचा व्हिडिओ कन्व्हर्टर घेतला होता, तो म्हणाला डिफेंडर चुकून अडवतो, ही परवानगी द्या. मी दिली. म्हणजे इतके महिने पहारेकरी दाराकडे पाठ करून उभा होता!

ओळ काढून पुन्हा पूर्ण तपासणी लावली. या खेपेला अडीच तास चालली, सात निघाले. एकही कुकी नाही, सातही कुलपात आहेत. पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलायला घेतलेत. स्मरणिकेचा मजकूर उद्या धाडते. उघडण्याआधी तुमच्याकडेही तपासून घ्या.