म्हणे, पावडर कोटिंग करा आणि विसरा!

गंजबुवा
परवा एकाने लिहिलं, "चॅसी असो की स्विंगआर्म, पावडर कोटिंग करा आणि विसरून जा. स्प्रे म्हणजे पैशाची नासाडी." त्याखाली सगळ्यांच्या माना डुलल्या. मी नेमकं तेच केलं होतं! बाइकच्या स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला, कोरडी रंगाची पावडर मारून भट्टीत भाजून घेतली. तीन वर्षं स्विंगआर्म आरशासारखा. मग एकदा धुताना वेल्डपाशी फुगवटा दिसला, नखाने उचकला तर सालपट निघालं आणि खाली नुसता गंज. एपॉक्सी प्रायमरवर टू-के पीयू (हार्डनर मिसळून स्प्रेने मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारला असता, तर तेवढाच भाग घासून पुन्हा मारता आला असता. पावडरला धड टच-अप करता येत नाही, हे का नाही लिहिलं?

भट्टीवाला
लिहिणारा मीच. खाली ब्लास्टिंग केलं होतं, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूसारखे कण मारून लोखंड उघडं केलं होतं? फॉस्फेटचं द्रावण? झिंक प्रायमर? नुसत्या पुसलेल्या लोखंडावर ८० मायक्रॉनचा थर चढवून १८०-२०० अंशांत भाजलात, तरी तो निघणारच. तयारी कच्ची आणि शिव्या पावडरला.

गंजबुवा
ब्लास्टिंग केलं होतं. म्हणजे, केलं असं मला सांगितलं होतं.

भट्टीवाला
झालं तर मग.

जुना पेंटर
उठसूट ब्लास्टिंग! माझ्यासोबतचा एक जण वाळूच्या धुळीने छातीतून गेला. सिलिकोसिस. तोंडाला फडकं बांधून काम करायचा. त्या दिवसापासून मी वायर ब्रश आणि गंजावर लावायच्या रस्ट कन्व्हर्टर द्रावणावर भागवतो. कोणाचं काही बिघडलं नाही.

भट्टीवाला
काका, वाईट वाटलं. पण वाळूच कशाला? गार्नेट आहे, ॲल्युमिनियम ऑक्साइड आहे. आणि वायर ब्रश खड्ड्यातला गंज काढत नाही, त्याला पॉलिश करतो. काळंभोर चकचकीत दिसतं, माणूस फसतो.

जुना पेंटर
गार्नेटची धूळ काय अत्तर आहे का? हवेचा पुरवठा असलेलं हेल्मेट किती जण घालतात ते सांगा आधी. आणि ब्लास्ट केलेला भाग रात्रभर तसाच ठेवून सकाळी तांबूस झालेल्यावर प्रायमर मारणारे तुमच्यासारखेच शहाणे पाहिलेत मी.

भट्टीवाला
"तुमच्यासारखे" म्हणजे? मी त्याच दिवशी प्रायमर मारतो. माझं काम न बघता बोलू नका.

टपरीगॅरेज
ब्लास्टिंगने माझ्या बॉनेटची पार लाटालाट झाली, त्याचं काय? जाड चॅसीला चालतं ते पातळ पत्र्याला चालत नाही, हे सांगायला कोणी नव्हतं. आणि तुम्ही पावडर-पीयू करत बसा, खरा चोर गाडीच्या तळाला मारतात ते रबरी अंडरकोटिंग. एकदा कडेने सुटलं की आत पाणी धरून ठेवतं. माझा फ्लोअर त्याच्याखाली कुजला, वरून काळंशार शाबूत!

भट्टीवाला
विषय काय, चाललंय काय.

सुटेभाग
मला फक्त एक सांगा, गंजबुवा. त्या फुगवट्यावर स्क्रूड्रायव्हर दाबून पाहिलात का?

गंजबुवा
पाहिला. आरपार गेला.

सुटेभाग
मग तो गंज आतून आलाय. स्विंगआर्मच्या नळीच्या पोकळीत ना पावडर पोचते ना स्प्रे. कारखान्यात चॅसी टाकीत बुडवून ई-कोट करतात, म्हणजे विजेच्या मदतीने रंगाचा थर चढवतात, ते याचसाठी. तिथे थर जेमतेम २० मायक्रॉनचा, पण बुडवल्यामुळे आत शिरतो. पीयू मारला असतात तरी तिथेच फुगला असता. मी ड्रेनची भोकं मोकळी करते आणि बारीक पाइप आत घालून पोकळीसाठीचं मेण फवारते, दर दोन वर्षांनी.

गंजबुवा
म्हणजे पावडर निर्दोष. अभिनंदन, भट्टीवाले, हार घाला तिला. टच-अपचं मात्र उत्तर अजून आलेलं नाही.

भट्टीवाला
टच-अप नीट होत नाही. मान्य. "विसरून जा" हे जरा जास्तच लिहिलं. पण पीयू मारणार असाल तर हार्डनरमधलं विषारी आयसोसायनेट...

जुना पेंटर
साध्या कापडी मास्कने थांबत नाही. हे मी सांगणार होतो.

भट्टीवाला
सांगा काका, सांगा. आणि तो स्विंगआर्म आधी भंगारात टाका हो, त्याला रंग कसला देताय!