'चेन रिअ‍ॅक्शन': पाण्यावरचं इंजिन खरंच कुणी दाबलं?

पाषाणकर: परवा इथे एकाने ठोकून दिलं, की १९९६चा 'चेन रिअ‍ॅक्शन' पाहा, पाण्यावरचं इंजिन तेलवाल्यांनी कसं दाबलं ते कळेल. शिकागोत घडणाऱ्या त्या सिनेमात कियानू रीव्हज एफबीआयपासून पळतो, ते बघायला छान आहे. पण पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. तो परत सुटा करायला किलोमागे ५० युनिटच्या आसपास वीज घालायची आणि हाती येणार ३३. धंदाच तोट्याचा, दाबायचं काय त्यात?

भोसरीचा टर्नर: साहेब, सिनेमा नीट पाहिलात का? त्यात साधं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने पाणी फोडणं नाही, ध्वनिलहरींनी बुडबुडे फोडतात. आणि जमतं कुणाला? रीव्हजला, तो मशिनिस्ट दाखवलाय, घरच्या लेथच्या आवाजावरून. टूलची धार गेली की आवाज बदलतो, जॉबवर रेघा उमटायच्या आधी आम्हाला कळतं. मग स्फोट झाल्यावर आळ त्याच्यावरच. आमच्या कंपनीत एक ड्रॉइंग हरवलं तेव्हा मला दिवसभर गेटवर बसवून ठेवलं. सापडलं मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. माफी कुणी मागितली नाही.

पाषाणकर: तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. बुडबुड्यांतून प्रकाश निघतो, हेही खरं. पण त्यात फ्यूजन होतं, म्हणजे अणुकेंद्रं जुळून ऊर्जा सुटते, असा दावा अमेरिकेतले शास्त्रज्ञ तलेयारखान यांनी २००२मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापला आणि २००८मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने त्यांनाच संशोधनातल्या गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं.

वारजेकरीण: हे 'दाबलं, दाबलं' घरात घुसतं हो. बाबांनी इंडिकाला एचएचओ किट, म्हणजे पाण्यातून वायू काढून इंजिनात सोडणारं किट, बसवून घेतलं. बॉनेटखाली पाण्याची प्लास्टिकची बाटली, दोन वायरी बॅटरीला. विकणारा हेच म्हणाला, कंपन्या बाहेर येऊ देत नाहीत. अ‍ॅव्हरेज होतं तेवढंच राहिलं, बॅटरी मात्र बसली. बाबा अजूनही किटची बाजू घेऊन आमच्याशी भांडतात.

भोसरीचा टर्नर: एका भामट्यापायी गॅरेजवाल्यांना बोल लावू नका ताई. हाताने काम करणारा दिसला की चोर!

वारजेकरीण: गॅरेजवाल्यांबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका. त्याच १९९६ साली रामर पिल्लेने झाडपाल्याच्या पेट्रोलने अख्ख्या देशाला नादी लावलं. शिक्षा व्हायला २०१६ उजाडलं.

पेठेतला: अडकवलेला शास्त्रज्ञ बघायला शिकागोला कशाला जायचं? आपले इस्रोचे नंबी नारायणन. १९९४ला हेरगिरीच्या आळाखाली अटक, १९९६ला सीबीआयने प्रकरण खोटं ठरवलं. ५० लाखांची भरपाई सुप्रीम कोर्टाने दिली २०१८ला.

भोसरीचा टर्नर: हेच तर मी मघापासून सांगतोय!

पाषाणकर: नारायणन निर्दोष होते हे पुराव्याने ठरलं. पाण्याच्या इंजिनाचा तसा पुरावा आणा. २०२२मध्ये इथेच पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी हायड्रोजनवरची बस केली, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालं. कुणी पळवलं त्या शास्त्रज्ञांना?

भोसरीचा टर्नर: मग आमच्या स्टॉपवर का येत नाही ती?

पाषाणकर: हायड्रोजन महाग पडतो म्हणून. त्यावरच तर लोक राबतायत.

भोसरीचा टर्नर: ठीक आहे, इंजिनाचं तुमचं खरं धरतो. पण काही बिघडलं की आधी कामगाराला धरतात, हे सिनेमात दाखवलंय ते बरोबर दाखवलंय. त्यावर मी मागे हटणार नाही.